वडवणीची रेशमी तार

निघायच्या दिवशी सकाळी आमच्या यांनी वळकटी बांधता बांधता पुन्हा विचारलं, "अगं, एका घड्याळाच्या गोफापायी आपण निजामाच्या मुलखात चाललोय. कुणी विचारलं तर सांगायचं काय?"

"तार आणायला चाललोय म्हणून सांगायचं."

"तार तर आपण इथूनच नेतोय!"

हे खरं होतं. ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांमध्ये तांब्याच्या उघड्या तारेची दोन रिळं होती. शिवाय एक कोरडी बॅटरी, आणि विजेचा पत्ता लावणारं काट्याचं एक लहान यंत्र. पुण्याच्या स्टेशनावर हमालानं ट्रंक उचलली आणि म्हणाला, "बाई, आत पाटा-वरवंटा घातलाय का?"

वाचकांना आधी आमचा धंदा सांगायला हवा. बुधवार पेठेत दोन खोल्यांत आमचं रेडिओच्या जुळणीचं आणि दुरुस्तीचं काम चालतं. पेटी उघडणं, दोष शोधणं, झाळणं (कथलानं जोड सांधणं) हे यांच्याकडे. आणि आतली वेटोळी गुंडाळणं माझ्याकडे. स्टेशन धरायचं काम ही वेटोळी करतात. केसापेक्षा थोडी जाड अशी तांब्याची तार, तिचे वेढ्याला वेढा लावून थर द्यायचे. पण ती तार उघडी असून चालत नाही. वेढे एकमेकांना टेकले की वीज सगळा फेरा घेण्याचा कंटाळा करते आणि इकडून तिकडे उडी मारून मोकळी होते. म्हणून तारेच्या अंगावर रेशमाचं वेष्टण लागतं. तशी तार आजवर बोटीनं परदेशातून येई. लढाई पेटली आणि ती यायची थांबली.

तेव्हा आमच्या धंद्यातल्या मंडळींत दुसरा विषयच नव्हता. कुणी अभ्रकाचे पापुद्रे आणि कथलाचा वर्ख यांचे थर लावून कंडेन्सर करून पाहत होतं. कुणी लाखेत कागद बुडवून त्याच्या नळ्या वळत होतं. अभ्रक आपल्या खाणीतलं, लाख आपल्या झाडांवरची, आणि त्यांच्यापासून झालेली वस्तू मात्र आपण साता समुद्रापलीकडून मागवायची, याची चीड सगळ्यांनाच येऊ लागली होती. उघडी तार आम्हाला जरीच्या तारकशांकडून मिळाली. वेष्टणाचं मात्र कुठेच जमेना. पुण्यातल्या पटवेकऱ्यांनी (दागिने रेशमात ओवणारे, गोफ-करदोडे गुंफणारे) तार बोटांत धरून पाहिली आणि परत दिली. सांगाडा होऊन पडलेले रेडिओ भिंतीशी वाढत होते. यांना मुंबईत एका दुकानात कारकुनीची जागा मिळत होती, आणि दिवाळीनंतर दुकान बंद करायचं असं जवळजवळ ठरलंच होतं.

अशात बीडचे एक वकील आपला रेडिओ घेऊन आले. त्यांच्या खिशातल्या घड्याळाला काळा गोफ होता, एका ठिकाणी विसविशीत झालेला. त्या फटीतून काहीतरी चकाकलं. मी सुईनं रेशीम बाजूला सारलं, तर आत पितळेची बारीक तार! वकीलसाहेब म्हणाले, "गोफ फार तुटायचा, म्हणून वडवणीच्या बाजारातल्या पटवेकरणीनं आत तार घालून दिलाय. तुम्ही या की आमच्याकडे. सीताफळांचे दिवस आहेत."

हे सीताफळांना कबूल झाले, तारेला नाही.

नगरपर्यंत आगगाडी, पुढे पाथर्डीपर्यंत मोटार, असा प्रवास धुळीखेरीज काही न घडता झाला. पाथर्डीहून शिरूरपर्यंत आम्ही बैलगाडी केली. वस्ती मागे पडली तशी जमीन उघडी होत गेली. मुरमाड माळ, त्यावर खुरटी बोरं, आणि मधेच एखाद्या ओढ्याच्या काठानं काळ्या रानाची पट्टी. त्या पट्टीत शाळूची ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. डाव्या हाताला डोंगर सोबतीला चालत होते.

हद्दीवर करोडगिरीचा (जकातीचा) नाका लागला. अंमलदार उतारवयाचे होते, मेंदी लावलेल्या दाढीचे. त्यांनी ट्रंक उघडायला लावली.

"ये क्या लाए जी?"

"तांब्याची तार," हे म्हणाले.

"तार? जंगल में तारघर खोलते क्या?" मग त्यांनी यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "और ये घडी? इसमें तो एकच काँटा है. वक्त कैसा देखते?"

हे समजावू लागले, आणि यांचं समजावणं ऐकून अंमलदारांचा संशय वाढतच गेला. लढाईचे दिवस, त्यात तार आणि बॅटरी. शेवटी मी खाली उतरले, बॅटरीची टोकं यंत्राला लावली. काटा टणकन उडाला. अंमलदार एक पाऊल मागे सरले आणि मग इतके हसले की दाढी हलू लागली. त्यांनी शिपायांना हाका मारून बोलावलं आणि मला तो प्रयोग सगळ्यांपुढे करून दाखवावा लागला. तरी कायदा तो कायदाच. "एक रील यहाँ रहेगा. वापसी में ले जाओ. कायदा है, बहनजी, दिल में कुछ नक्को लाना."

"झालं," हे गाडीत बसता बसता पुटपुटले. "निम्मं भांडवल नाक्यावरच गेलं."

शिरूरला पोचलो तेव्हा सिंदफणेच्या पात्रात गुरं पाण्यावर आली होती. गावाला शिरूर कासार म्हणतात ते कासारांमुळेच. आम्ही धर्मशाळेत उतरलो, तिच्या समोरच एक कासारीण बांगड्यांची माळ लावून बसली होती. माझ्या हातांत एकेकच बांगडी उरलेली दिसताच तिनं हाक मारली. हात धरून बांगडी चढवता चढवता तिनं बोटांची टोकं चाचपली.

"बोटाला घट्टे कावून बाई? बामणाची दिसता."

"तार गुंडाळते मावशी."

"कशाची तार?"

मी सांगितलं. तिला कितपत कळलं कोण जाणे, पण ती म्हणाली, "मंग काचेच्या भरू नगा. फुटत्याल. लाखेच्या घ्या." आणि लाखेच्या भरून तिनं आम्हाला घरीच जेवायला नेलं. ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्यांचं पीठ घालून केलेली आमटी). आमटी इतकी तिखट की यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "सायबाला घर आठवलं जनू," ती म्हणाली. हे म्हणाले, "छे छे, उत्तम आहे," आणि आणखी वाढून घेतली. रात्रभर पाणी पीत होते.

दुसऱ्या दिवशी मोटारीनं बीड. वकीलसाहेबांनी वचन पाळलं. ओसरीवर सीताफळांची रासच होती. बिंदुसरेच्या काठानं हिंडताना त्यांनी आम्हाला पाण्यात उभं असलेलं कंकाळेश्वराचं देऊळ दाखवलं, बाजारातली कातड्याची कामं दाखवली. पण माझं सगळं लक्ष वडवणीच्या बाजाराकडे लागलेलं. बाजाराचा दिवस उजाडला तशी त्यांनी एक टांगा करून दिला.

वडवणीचा बाजार डोंगरउताराच्या कुशीत भरतो. मिरच्यांचे ढीग, ज्वारी-तुरीची पोती, घोंगड्या, बैलांच्या गळ्यातली घुंगरांची चंगाळी. एका लिंबाच्या झाडाखाली पटवेकरी जोडपं बसलं होतं. नवरा सोपानराव, लांबोडक्या चेहऱ्याचे, गिऱ्हाइकाशी वाद घालत होते: "कालचा करदोडा आज तुटला म्हनतूस? तुझं पोट वाढलं आसंल बे!" बायको गोदाबाई, पन्नाशीची, ठसठशीत कुंकवाची. पायाच्या अंगठ्यात रेशमाचं टोक अडकवून ती कुणाचं तरी डोरलं गाठवत होती. मी जवळ जाऊन बसले. डोरलं पुरं होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

"काय ववायचं हाय?"

मी तार पुढे केली. तिनं ती उन्हात धरली, नखावर ओढून पाहिली. "लई बारीक हाय. हिला काय करायचं?"

"हिच्यावर रेशीम चढवायचं. एकेरी. मधे कुठं उघडी राहायला नको, आणि जाडही व्हायला नको."

"कुनाच्या गळ्यात जायाची?"

"गळ्यात नाही. रेडिओच्या पोटात. पेटी असते, गाणी-बातम्या सांगणारी."

"पोटात? म्हंजी कुनाला दिसायची न्हाई?"

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. "नाही मावशी. पेटी बंद असते."

तिनं तार माझ्या हातात परत दिली. "आमचं काम गळ्यात दिसतं बाई. बाजारात बाया इचारत्यात, कुनाकडनं गाठवलं? न दिसनारं काम करून काय करायचं?"

सोपानराव मधे पडले. "आन् त्या पेटीत विंग्रजाचं गानं वाजतंय म्हनं. आमचं रेशीम देवाच्या गळ्यात जातंय सायेब."

हे माझ्याकडे पाहून हलकेच म्हणाले, "चल." पण मी उठले नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुतेक तिच्या बोटांमुळे. इतक्या जवळून माझ्यासारखं काम करणारी बाई मी कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, "मावशी, मीही न दिसणारंच काम करते. रोज. वेटोळं करते, पेटीत जातं, झाकण लागतं. कुणी विचारत नाही कुणी केलं म्हणून."

"मंग कावून करता?"

"माझं वेटोळं तुटलं की पेटी गप्प होते. गप्प झाली की सगळ्यांना कळतं."

गोदाबाई हसली नाही, पण तिनं तार पुन्हा मागून घेतली. अंगठ्यात अडकवून ताणून पाहिली. मग म्हणाली, "आता सोनारबी साखळ्या करतोय, ववायला कोन येतंय? माज्या दोन जावा घरात बसून हायत्या. हात हायती, काम न्हाई." आणि सोपानरावांच्या नाकावर टिच्चून, "उंद्या घरी या," असं सांगून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

गावात एका ओळखीच्या दुकानदाराकडे आमची उतरायची सोय वकीलसाहेबांनी केली होती. सकाळी गोदामावशींच्या घरी गेलो. दोन खणांचं घर, पुढे पडवी, पडवीला बोरूचा कूड (वेळूसारख्या पोकळ काड्यांचा विणलेला आडोसा). खांबाच्या आकड्याला त्यांनी तारेचं एक टोक बांधलं, दुसरं चातीला (पीळ द्यायच्या फिरत्या काडीला), आणि नेहमीच्या सवयीनं चाती फिरवली. रेशीम झरझर चढू लागलं. मी वाकून पाहत होते. वीतभर चढलं आणि टचकन आवाज झाला. तार मोडली होती.

पुन्हा बांधली, पुन्हा मोडली. रेशमाच्या किंवा सुताच्या गाभ्याला पीळ बसला तर तो घट्ट होतो. तांबं पीळ सोसत नाही, ताठरतं आणि काडीसारखं तुटतं. जमिनीवर तुकडे जमले. रीळ एकच, त्यामुळे प्रत्येक तुकडा माझ्या काळजात रुतत होता.

"मावशी, तार फिरायलाच नको," मी म्हणाले. "मी वेटोळं करते तेव्हा तिला पीळ पडू देत नाही, लगेच दुखावते."

"तार फिरवायची न्हाई तर रेशीम फिरवावं लागंल की तिच्याभवती." त्यांनी बोटानं हवेत गोल काढला. "पन तार मधी ताणून ऱ्हाती. चाती तिच्याभवती फिरायची कशी? आरपार वाट पायजे."

हे मघापासून कुडाकडे टक लावून बसले होते. एकाएकी उठले आणि कुडातला एक बोरू खसकन उपसला.

"आरं, आरं! भित कावून मोडता सायेब?" सोपानराव ओरडले.

यांचं लक्ष नव्हतं. चाकूनं दोन्ही टोकं कापली, बोरूतून फुंकून पाहिलं. "ही वाट! तार यातून आरपार जाईल. रेशीम बोरूच्या अंगावर भरायचं आणि बोरूच फिरवायचा. तार जागची हलणार नाही."

नुसता बोरू फिरवायचा म्हटला तरी सोपं नव्हतं. दोन खुंट्या रोवून त्यांत तो बसवला, शेजारणीचा चरखा आणून त्याची माळ (फिरवणारी दोरी) बोरूवर घातली. पहिला बोरू चिरला, दुसरा डगमगला, कुडाला चांगलं खिंडार पडलं. शेवटी सोपानराव चरखा फिरवायला बसले, मी तार हळूहळू ओढायला, आणि सुटत्या रेशमावर गोदामावशींचं बोट. मी घाईनं ओढलं की फटी पडत, सावकाश ओढलं की रेशीम चढावर चढ बसे. "बाई, माज्या श्वासाबरुबर वढा," त्या म्हणाल्या. ते जमलं. ऊन पडवीतून अंगणात उतरेपर्यंत आमच्यापाशी सलग, काळीभोर, तुकतुकीत तार तयार होती. तिच्यावरून बोट फिरवताना मला रडू येईलसं झालं.

मी तिथेच लहानसं वेटोळं गुंडाळलं. यांनी परीक्षेची जोडणी केली. दोन वेगळ्या तारा शेजारी शेजारी गुंडाळायच्या आणि एकीतून दुसरीत वीज जाते का ते काट्यावर बघायचं. काटा हलला तर वेष्टण निकामी.

काटा हलला.

उडाला नाही, नुसता सरकला आणि तिथेच राहिला. यांनी टोकं पुसून पुन्हा लावली, पुन्हा तेच. उघडी जागा कुठेच नव्हती. मी वेढा न् वेढा भिंगातून पाहिला. हे बाहेर जाऊन झाडाखाली बसले. गोदामावशींनी विचारलं, "काटा कावून हालला?"

सोपानराव तेवढ्यात चूळ भरून आले आणि बायकोवर घसरले. "रेशीम वलं आसंल. ह्या बारीला रंग दिल्यावर नीट वाळवलंच न्हाई तू."

"चांगलं दोन उनं दिलीत. हिरड्याच्या पान्यात उकळलं, लोखंडाची कीट घातली..."

"काय घातलं?" हे बाहेरून ओरडले आणि पळतच आत आले. "लोखंड? रंगात लोखंड घालता?"

"काळा रंग मंग कशानं हुईल?"

यांनी कपाळावर हात मारला, पण या वेळी आनंदानं. तो रंगच विजेला वाट देत होता, आणि रेशमात जराशी ओल असली की अधिकच. तारेचा दोष नव्हता, हाताचा तर नव्हताच. बिनरंगी रेशीम हवं होतं. ते मात्र गोदामावशींकडे नव्हतं. पांढरा करदोडा कोण घालणार?

"दिंद्रुडला मिळंल," सोपानराव म्हणाले. आता त्यांनाही चेव चढला होता. "साळ्यांला रेशीम देणारा येक व्यापारी हाय तितं. मी मागं गेलतो."

दिंद्रुडची ती गाडीवाट मला या सगळ्या प्रवासात सर्वांत आवडली. डोंगर मागे सरतो, काळं रान दोन्ही बाजूंनी पसरतं. वाटेत एका शेतात आम्हाला थांबवून शेतकऱ्यानं ओंजळभर सीताफळं दिली. पैसे पुढे केले तर रागावला. सोपानराव वाटभर चरखा कसा फिरवायला हवा, हे यांना शिकवत होते. दिंद्रुडच्या व्यापाऱ्यानं पेटीतून मळकट पांढऱ्या रंगाच्या लडी काढल्या. "हे कच्चं आहे, अंगाला डिंक आहे," तो म्हणाला. "वर खरबरीत लागेल." मी एक धागा दातांत धरून पाहिला आणि घेऊन टाकलं.

डिंकाचा उपाय गोदामावशींनी केला. रिठ्याच्या पाण्यात लडी उकळल्या, आडाच्या पाण्यात कितीदा तरी खंगाळल्या आणि अंगणातल्या काठीवर टाकल्या. संध्याकाळच्या उन्हात त्या हस्तिदंतासारख्या दिसत होत्या. एव्हाना दोन्ही जावाही येऊन बसल्या होत्या. लडी वाळल्या तशी थोरल्या जावेनं माझ्याआधीच तार ओढायची जागा पटकावली. सोपानरावांनी चरखा लावला. रेशमाचा बारीक सरसर आवाज तेवढा येत होता.

दुसऱ्या दिवशी यांनी पुन्हा जोडणी केली. पडवीत शेजारपाजार जमला. काय घडायला हवं, हे सोपानराव सगळ्यांना बजावत होते: "काटा हालला न्हाई म्हंजी पास! हालला तर नापास!"

यांनी टोक टेकवलं. काटा जागचा ढळला नाही. यांनी आणखी एक बॅटरी दुकानदाराच्या चोरबत्तीतून काढून जोडली. काटा तसाच. मागून एक म्हातारा म्हणाला, "बंद पडलं जनू यंतर." तेव्हा यांनी उघडी टोकं मुद्दाम जुळवून दाखवली, काटा ताडकन उडाला, आणि मग कुठे लोकांना पटलं. बायका हसल्या. मी गोदामावशींकडे पाहिलं. त्या आपल्या बोटाकडे बघत होत्या, ज्यावर रेशमाची बारीक रेघ उमटली होती.

"म्हंजी आमचं रेशीम तिला धरून ठेवतं," त्या म्हणाल्या. "विजंला."

"हो. इकडं तिकडं जाऊ देत नाही."

"मंग न दिसना का," त्या म्हणाल्या. "करू आमी."

निघताना उरलेली उघडी तार आम्ही त्यांच्याकडेच ठेवली. नवी तार पाठवण्याची आणि तयार माल आणण्याची जबाबदारी वकीलसाहेबांनी घेतली. सोपानरावांनी यांना एक गाठोडं दिलं: नीट कापलेले, सावलीत वाळवलेले बोरू. "तुमच्या पुन्यात आसले कूड नसत्याल," ते म्हणाले, "आन् आमचा तर तुमी ठेवला न्हाई."

परतीच्या वाटेवर नाक्यावर आमचं रीळ मिळालं. अंमलदारांनी "काँटा हिला क्या?" असं विचारलं, आणि हलला नाही म्हटल्यावर मनापासून हळहळले. त्यांना उलटं समजावण्याइतका वेळ गाडीवानानं दिला नाही. हद्द ओलांडल्यावर मी मागे वळून पाहिलं. येताना ओसाड वाटलेला तो माळ आता तसा दिसेना. कुठल्या ओढ्याकाठी काळी पट्टी आहे, कुठं शाळू आहे, हे आता मला ठाऊक होतं. परमुलूख, परमुलूख म्हणत आलो होतो; हद्द तर नाक्यावरच्या एका बांबूच्या दांडीएवढीच होती.

पुण्यात आल्यावर त्या तारेचं पहिलं वेटोळं मी वकीलसाहेबांच्याच रेडिओत घातलं. तो लागला. आवाज पूर्वीपेक्षा किंचित दबका, पण स्वच्छ. यांनी मुंबईच्या दुकानाला नकार कळवला, तोही मला न सांगता. मला कळलं ते भिंतीशी पडलेल्या दुसऱ्या सांगाड्यावरची धूळ ते पुसायला लागले तेव्हा.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. वडवणीहून आलेल्या पहिल्या मालातला निम्मा तरी आम्हाला बाजूला टाकावा लागला. दमट हवेत रेशीम ओल धरतं, त्यावर मेणाचा हात द्यावा लागतो, हे आम्हाला उशिरा उमगलं. दुसऱ्या खेपेचा माल चांगला निघाला. तिसऱ्या खेपेला आमच्या पेठेतले दुसरे एक जुळणीवाले, जे आजवर आमच्याशी धड बोलत नसत, ते जिना चढून आले आणि "ती तार थोडी मिळेल का?" असं खालच्या आवाजात विचारून गेले. अभ्रकाच्या कंडेन्सरचंही कुणाचं तरी जमलं म्हणतात. आमच्यासारख्या गल्लीबोळांतल्या माणसांच्या हातून उद्या अख्खा रेडिओ इथेच उभा राहील का, ते मला सांगता येणार नाही. लढाई संपेल, बोटी पुन्हा चालू होतील, स्वस्त तार पुन्हा येईल, असं हे अधूनमधून म्हणतात. येईलही. पण ती कशी करतात ते आता आपल्याला ठाऊक झालं आहे, आणि ठाऊक झालेलं काही बोटीनं परत जात नाही.

गेल्या आठवड्यात वकीलसाहेब कामानिमित्त पुण्यात आले, तेव्हा त्यांनी दोन तयार रिळं आणि वडवणीचा तोंडी निरोप आणला. धाकटी जाऊही आता कामाला बसली आहे. शेजारणीनं चरखा परत मागितला, म्हणून सोपानरावांनी स्वतःचा करून घेतला. आणि गोदामावशींनी विचारलं आहे, "ही तार आता जाड वाटाया लागली. हिच्याहून बारीक हाय का?"

हे ऐकून आमचे हे उठले. माळ्यावर एक पत्र्याची डबी आहे. तीत तारकशानं हौसेनं ओढून दिलेली, हातात घ्यायलाही भीती वाटावी अशी केसासारखी तार होती, जिच्यावर रेशीम चढेल असं आम्ही कधी मनातही आणलं नव्हतं. यांनी ती डबी खाली काढली, फुंकून स्वच्छ केली आणि वकीलसाहेबांच्या पिशवीत ठेवून दिली.